ढिगाऱ्यावरची माती

नागपूरच्या उत्तरेला, कन्हान आणि कोलार नद्यांच्या खोऱ्यात फिरताना दिसणारा प्रत्येक डोंगर खरा धरून चालत नाही. मुलूख सपाट, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, मधूनच संत्र्याची बाग, आणि अचानक समोर एक टेकाड उभं राहतं. माथा छाटल्यासारखा सपाट. उतारावर पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी जवळजवळ सारख्याच उंचीची. आमच्या नाशिक जिल्ह्यात डोंगर म्हटला की त्याला नाव असतं; माथ्यावर देवी असते, नाहीतर खंडोबा, नाहीतर किल्ल्याचा पडका बुरूज. या टेकाडांना नाव नाही. खाणीतली माणसं त्यांना ‘ओबी’, म्हणजे ओव्हरबर्डन, म्हणतात, वर्तमानपत्रं ‘मातीचे ढिगारे’ लिहितात. कोळसा हाती लागावा म्हणून त्याच्यावरचं जे काही उचलून बाजूला टाकलं, ते इथं साठलं. त्यातल्या काहींवर आता झाडं उभी आहेत.

ती झाडं पाहायला मी पिंपळगाव बसवंतहून एवढ्या लांब का गेलो, हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. निफाड तालुक्यात नदीकाठची काळी जमीन सगळ्यांच्याच वाट्याला आलेली नाही. ज्यांच्याकडे मुरमाड माळ होता, त्यांनी तो फोडला, धरणातला गाळ ट्रॅक्टरनं ओढून आणला, चर खोदून त्यात शेणखत आणि साखर कारखान्याची प्रेसमड भरली, डॉगरिजचे खुंट लावून त्यावर कलमं केली आणि द्राक्षबागा उभ्या केल्या. माती म्हणजे काय, ती किती हळू तयार होते आणि किती लवकर हातची जाते, हे आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात रोज येतं. त्यामुळे खाणीच्या ढिगाऱ्यावर जंगल उभं केल्याच्या बातम्या वाचल्या की मला पहिला प्रश्न पडायचा तो हाच: ढिगाऱ्यावर माती नसते, मग झाड कशाच्या आधारानं उभं राहिलं?

माझा भाचा नागपूरकडे कोळसा खाणीत सर्वेअर आहे. ऑगस्टच्या शेवटी, गोडी बहाराच्या छाटणीला अजून अवकाश असताना, त्याच्याकडे जायचं ठरवलं. सायखेड्याला गोदावरी ओलांडून सिन्नर गाठलं आणि गोंद्याजवळ समृद्धी महामार्गाला लागलो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ला मुंबईच्या टोकापर्यंत पुरा झाला. त्यावरच्या प्रवासाचं वर्णन करण्यासारखं फारसं नाही. गाव लागतच नाही, फक्त गावांच्या नावांच्या पाट्या लागतात. एक मात्र लक्षात राहिलं. सिन्नरपासून वर्ध्यापर्यंत रस्त्यासाठी जिथं जिथं टेकडी कापली आहे, तिथं कापात आपला ओळखीचा काळा पाषाण दिसतो. नागपूर ही या काळ्या पाषाणाची पूर्वेकडची कड. तिथून पुढे जमिनीच्या पोटातलं सगळंच बदलतं. कामठी गावाच्या नावावरून भूगर्भशास्त्रात ओळखला जाणारा लालसर-पिवळा वालुकाश्म लागतो, आणि त्याच्याही खाली पंचवीस कोटी वर्षांहून जुना कोळसा.

सावनेर नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर. मराठी वाचणाऱ्या माणसाला हे गाव आधी आठवतं ते राम गणेश गडकऱ्यांसाठी. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ते इथं गेले. ‘भावबंधन’ नाटक त्यांनी शेवटच्या आजारपणात पुरं केलं होतं. गावातून जाताना मी क्षणभर थांबलो. भाच्याच्या पिढीला मात्र सावनेर म्हटलं की वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत खाणी आठवतात. कोल इंडियाची ही उपकंपनी, १९७५ साली स्थापन झालेली, मुख्यालय नागपुरात. तिकडे सगळे तिला ‘वेकोलि’ म्हणतात.

सावनेरची खाण आणि तिच्या शेजारचा इको पार्क ही सामान्य माणसानं आत जाऊन पाहावी अशी जागा. २०१६ साली वेकोलि आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी मिळून इथं खाण पर्यटन सुरू केलं. खाण म्हणजे कुंपण, पहारा आणि ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी, अशीच सवय असलेल्या आपल्या देशात हे पाऊल मोठं होतं. बागेत हिरवळ आहे, झाडी आहे, मुलांसाठी खेळ आहेत. पण खरं पाहण्यासारखं आहे ते भूमिगत खाणीचं हुबेहूब रूप. अंधार्‍या बोगद्यात शिरलं की कोळशाचे खांब सोडत सोडत खाण पुढे कशी नेतात, छताला टेकू कसा देतात, हे डोळ्यांना दिसतं. त्या दिवशी शाळेची एक सहल आली होती. मुलं छताकडे पाहत गप्प झाली होती. आपल्या घरातला दिवा कुठून पेटतो, हे त्यांना पुस्तकातून इतकं नसतं कळलं.

भाचा मात्र घाई करत होता. ‘मामा, बाग चांगलीच आहे, पण तुम्हाला पाहायचंय ते इथं नाही,’ तो म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं. सावनेरची खाण जमिनीखालची. भूमिगत खाणीत कोळशाची पट्टी तेवढी पोखरून काढतात, त्यामुळे वर टाकायला दगडमाती फारशी निघत नाही. तिथं दुखणं वेगळं असतं: खांबही काढून घेतले की वरची जमीन खचते, शेतात खोलगट जागा पडतात, विहिरींचं पाणी हलतं. डोंगर उभे राहतात ते खुल्या खाणींत. आणि आज वेकोलिचा नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा खुल्या खाणींतून येतो.

खुल्या खाणीचा हिशेब भाच्यानं गाडीतच समजावला. एक टन कोळसा काढायचा तर त्याच्यावरची साधारण चार-पाच घनमीटर दगडमाती आधी हलवावी लागते, काही खाणींत त्याहून जास्त. सुरुवातीला खड्डाच लहान असतो, म्हणून ही सगळी दगडमाती खाणीबाहेर, वेगळ्या जमिनीवर टाकतात. तोच बाहेरचा ढिगारा. पुढे खड्डा रुंद झाला की मागच्या रिकाम्या भागात आतल्या आत भराव घालता येतो. पण विहीर खणलेल्या कुणालाही ठाऊक असतं की खणलेली माती त्याच खड्ड्यात परत मावत नाही. फोडलेला दगड फुगतो, त्याच्यामध्ये हवा शिरते. म्हणून सगळा भराव आत घातला तरी बाहेरचा डोंगर राहतोच, आणि सर्वांत शेवटी एक खोल खड्डाही राहतो, ज्यात पाणी साठून तलाव होतो. एका खाणीमागे एक डोंगर आणि एक तलाव: दोन्ही नकाशात आधी नव्हते.

सावनेरहून आम्ही खाप्याकडे वळलो. कन्हान नदीच्या बाजूला, याच तालुक्यात गुमगावची मॅंगनीज खाण आहे, ‘मॉइल’ या सरकारी कंपनीची. नागपूर-भंडारा-बालाघाट हा पट्टा मॅंगनीजचा. १८९६ साली इंग्रजी कंपनीनं इथं हात घातला, आणि १९०० च्या आसपास रामटेकजवळच्या मनसरपासून खाणकाम जोमात सुरू झालं. फर्मर नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ इथल्या खडकांच्या इतका प्रेमात पडला की त्यानं एका खडकाला इथल्या मूळ रहिवाशांवरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं. जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत गोंडांचं नाव असं कायमचं कोरलं गेलं आहे. या भागातल्या किती मुलांना हे शाळेत सांगत असतील?

गुमगावला यायचं माझं कारण वेगळं होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला ज्यांनी कष्ट घेतले, त्यांचं काम इथं झालं आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतल्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुमगावच्या मॅंगनीज ढिगाऱ्यांवर झाडं वाढवण्याची एक पद्धत बसवली.

ढिगाऱ्याचं मूळ दुखणं असं. जमिनीत सगळ्यात वर कसदार माती असते, तिच्याखाली मुरूम, मग खडक. खणताना वरची माती पहिल्यांदा निघते, म्हणजे वेगळी जपली नाही तर ती ढिगाऱ्याच्या तळाशी जाते, आणि सगळ्यात खोलचा, कधीच ऊन न पाहिलेला दगड माथ्यावर येतो. उतरंड उलटी रचल्यासारखी. त्या दगडाच्या भुग्यात सेंद्रिय द्रव्य नाही, नत्र जवळजवळ नाही, आणि ज्यांच्याशिवाय माती जिवंत होत नाही ते सूक्ष्मजीवही नाहीत. अजस्र डंपर फिरून माथा इतका दाबला जातो की पाणी आत मुरत नाही, आणि उतार इतका सैल की पाणी थांबत नाही. त्यात विदर्भाचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की काळ्या शेल खडकाचा पृष्ठभाग पायाला चटके देतो. अशा ठिकाणी नुसता खड्डा करून रोप लावलं तर ते पहिला उन्हाळा पाहत नाही.

नीरीची पद्धत ऐकताना मला आमचा द्राक्षाचा चर आठवत राहिला. सेंद्रिय भरीसाठी त्यांनी प्रेसमड घेतली, जी आमच्याकडे कारखान्यावरून ट्रॉलीनं येते. पण त्यांनी त्यापुढे आणखी एक पाऊल टाकलं. कडधान्यकुळातल्या झाडांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पकडणारा रायझोबियम, मोकळा राहून तेच काम करणारा अझोटोबॅक्टर आणि मुळांशी नातं जोडून लांबवरचं स्फुरद आणि पाणी ओढून आणणारी मायकोरायझा बुरशी, या तिघांची सोबत त्यांनी रोपांना दिली. जिवाणू आणि बुरशी अशा निवडायच्या की ज्यांना त्या जागेचा उष्मा आणि तिथले धातू सोसतात. मग कडुनिंब, शिसम, सागवान, शिवण अशी स्थानिक झाडं लावायची. पहिल्या वर्षी मुळं धरतात, पानं गळून कुजतात, त्यातून पुढच्या झाडाला अन्न मिळतं. आपोआप व्हायला पिढ्यानपिढ्या लागणारी माती माणसाच्या एका आयुष्यात दिसू लागते.

पुढे कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावरही त्यांनी १० हेक्टरवर असाच प्रयोग केला. तिथं सांडपाणी शुद्धीकरणातला गाळ हेक्टरी ५० टन या प्रमाणात मिसळला. २००८ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. जे सूक्ष्मजीव ढिगाऱ्यात जवळजवळ नव्हतेच ते वाढले, आणि शिसं, क्रोमियम, कॅडमियम यांसारखे धातू सेंद्रिय द्रव्याला बांधले जाऊन त्यांचा त्रास कमी झाला. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की दोन्ही ठिकाणी भर म्हणून वापरलं ते दुसऱ्या कारखान्याला नकोसं झालेलं. एकाची प्रेसमड, दुसऱ्याचा गाळ आणि तिसऱ्याचा ढिगारा, यांची गाठ घालून दिली ती विदर्भातल्या एका प्रयोगशाळेनं. हे काम आपल्या राज्यात झालं आणि आपल्याच शेतकऱ्यांना त्याचा पत्ता नाही, याची मला मनापासून खंत वाटली.

दुसऱ्या दिवशी पारशिवनी तालुक्यातल्या गोंडेगावच्या खुल्या खाणीवर गेलो. परवानगी काढलेली होती, डोक्यावर हेल्मेट, पायात बूट. वरून पाहताना खड्ड्याच्या तळाशी चाललेले डंपर खेळण्यातले वाटतात. भिंतीतले थर मात्र स्वच्छ वाचता येतात: वर नदीच्या गाळाची पिवळट जाडी, मग वालुकाश्म, खाली काळी रेघ. नदीकाठची खाण असल्यामुळे वरच्या थरात वाळू भरपूर. वेकोलिनं हीच वाळू वेगळी करून विकायला सुरुवात केली, आधी भानेगावला, मग गोंडेगावला. नागपूर सुधार प्रन्यासनं प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरांसाठी ती स्वस्तात घेतली. ढिगाऱ्यात गेली असती ती वाळू घराच्या भिंतीत गेली, आणि कन्हान नदीच्या पात्रातून तेवढीच कमी उपसावी लागली. खाणीतल्या पाण्याचंही तसंच. खाण कोरडी ठेवायला पाणी सतत उपसावंच लागतं. ते शुद्ध करून पाटणसावंगीला ‘कोल नीर’ नावानं बाटलीबंद होतं, आणि काही खाणींचं पाणी वीज केंद्राकडे जातं. ढिगारा हिरवा करण्यापेक्षा ढिगारा लहान करणं अधिक शहाणपणाचं, हे मला गोंडेगावला पटलं.

तिथल्या एका जुन्या ढिगाऱ्याच्या उतारावर आम्ही चढलो. पायथ्याशी शिसम आणि करंज चांगले मनगटाएवढे झालेले, त्यांच्या सावलीत तरवड आणि गवत. पहिल्या पायरीवर सुबाभूळ. वर जाऊ लागलो तशी झाडं विरळ झाली. मी खाली बसून पानांचा थर बाजूला सारला आणि बोटं खुपसली. दोन बोटं खोल काळसर, ओलसर, गांडुळाच्या विष्ठेसारखी कणीदार माती होती. त्याच्याखाली लगेच पिवळा भुगा. आमच्या बागेत एवढ्या मातीवर मी कलम केलं नसतं. पण शून्यापासून दोन बोटं झाली आहेत, आणि झालेली माती कुणी ट्रॅक्टरनं आणून टाकलेली नाही, तिथल्याच झाडांनी केली आहे, हे पाहून मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. मी बराच वेळ तिथं बसून राहिलो.

पायऱ्यांचं गणितही तिथं कळलं. कोळसा खाणींच्या २०१७च्या नियमांप्रमाणे ढिगाऱ्याचा उतार साडेसदतीस अंशांपेक्षा तिरपा करता येत नाही, आणि उंची ३० मीटरच्या वर गेली की पायऱ्या पाडाव्याच लागतात. एक पायरी ३० मीटरपेक्षा उंच नको, एकूण उतार एकास दीडपेक्षा तीव्र नको. हे नियम रक्तानं लिहिले गेले आहेत. वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावाच्या डोक्यावरचा ढिगारा २१ ऑक्टोबर १९६६च्या सकाळी घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. तो ढिगारा झऱ्यावर टाकलेला होता. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१६ला झारखंडमधल्या राजमहल खाणीत ढासळलेल्या ढिगाऱ्याखाली तेवीस कामगार गेले. म्हणून ढिगाऱ्यावर सगळ्यात आधी पाण्याची वाट बांधायची असते, झाड नंतर. त्या दिवशी पाऊस होऊन गेला होता आणि एका बाजूला जिथं गवत नीट धरलं नव्हतं तिथं गुडघाभर खोल ओघळी पडल्या होत्या. माथ्याच्या कडेचा बांध फुटून पाणी एकाच जागी उतरलं होतं. बांधबंदिस्ती हा विषय आपल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. उलट या उतारांवर सल्ला द्यायला नाशिक-नगरकडचे चार जुने हात बोलावले तर फायदाच होईल, असं मी भाच्याला म्हणालो. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

आमच्यासारख्या द्राक्षवाल्यांना जवळची वाटेल अशी ढिगाऱ्याची एक गोष्ट परदेशातली आहे. फ्रान्सच्या उत्तर भागात जुन्या कोळसा पट्ट्यात हायकूर नावाचं गाव आहे. तिथल्या खाणीच्या ढिगाऱ्यावर २०११ साली द्राक्षवेली लावल्या, शार्दोने जातीच्या. त्या भागात द्राक्षं होत नाहीत, थंडी फार. पण ढिगाऱ्याचा काळा शेल ऊन धरून ठेवतो, पाण्याचा निचरा उत्तम, आणि दक्षिणेकडच्या तीव्र उताराला सूर्य नीट मिळतो. विदर्भातल्या रोपाला मारणारा तोच तापलेला काळा दगड तिथं वेलीला जगवतो. त्या वाइनचं नाव कोळशाच्या नावाशी जुळवून ‘शार्बोने’ ठेवलं आहे. हा सगळा खाणपट्टा, ढिगाऱ्यांसकट, २०१२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. लोस-आँ-गोहेल इथल्या जुळ्या ढिगाऱ्यांवर माणसं रविवारी मुलाबाळांना घेऊन चढतात, वरून आजोबांच्या खाणीकडे बोट दाखवतात. तिथल्या लोकांनी ढिगारा आपला मानला आहे.

आपल्याकडची गोष्ट नेमकी इथं येऊन थांबते. गोंडेगावच्या बाजूला चहा पिताना एका म्हाताऱ्या गृहस्थानं विचारलं, कुठून आले, काय पाहिलं. ढिगाऱ्यावरची झाडं पाहिली म्हटल्यावर ते म्हणाले, ‘त्या ढिगाच्या खाली आमचं वावर होतं. वर काय झाडं हाये ते आमी रस्त्यावरूनच पाहतो.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. चालू खाणीच्या हद्दीत लोकांना मोकळं फिरू देता येत नाही, हे मला समजतं. ढिगारा स्थिर व्हायला वर्षं जातात. पण सावनेरला बाग आहे ती ढिगाऱ्यावर नाही, आणि ढिगाऱ्यावर जंगल आहे तिथं माणूस नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय मी त्याला सार्वजनिक हिरवाई म्हणणार नाही. २००९पासून प्रत्येक कोळसा खाणीला बंद होण्याचा आराखडा आधीच करावा लागतो आणि त्यासाठीचे पैसे वेगळ्या खात्यात दरवर्षी ठेवावे लागतात. त्या आराखड्यात ‘वृक्षारोपण’ हा मथळा असतोच. त्याच्याशेजारी पायवाट, पाणपोई आणि गावाचं नाव का नसावं?

झाडांच्या मोजणीबद्दलही मला बोलायचं आहे. किती रोपं लावली हे सगळीकडे सांगितलं जातं. वेकोलिसाठी लागवडीचं काम बरंचसं वनविकास महामंडळ करतं, आणि जमीन किती हिरवी झाली ते ‘सीएमपीडीआय’ ही कोल इंडियाचीच संस्था उपग्रहाच्या चित्रांवरून तपासते. मोठ्या खुल्या खाणींचं दरवर्षी, लहानांचं तीन वर्षांनी. ही चांगली शिस्त आहे. पण वरून वड, पळस आणि वेडी बाभूळ सारखेच हिरवे दिसतात.

झाड कोणतं आहे यानं काय फरक पडतो ते चंद्रपूरला दिसतं. नागपूरहून दीडशे किलोमीटर दक्षिणेला, ताडोबाच्या जंगलाला लागून दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी, आणि शेजारीच महाऔष्णिक वीज केंद्र. तिथल्या जुन्या ढिगाऱ्यांवर आणि मोकळ्या जागांवर वेडी बाभूळ इतकी माजली आहे की आत दहा पावलांवरचं दिसत नाही. दुष्काळी जमिनीवर लवकर धरते, जनावर तिचा पाला खात नाही, म्हणून ती पसरली. त्या काट्यांच्या गच्च आडोशात रानडुकरं आली, डुकरांच्या मागे बिबटे आले, वाघ आले. वाघिणींनी तिथं पिलं वाढवली. फेब्रुवारी २०२२मध्ये लागोपाठ दोन दिवसांत वीज केंद्रातला एक कामगार वाघाच्या आणि दुर्गापूरचा एक सोळा वर्षांचा मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात गेला. त्यानंतर झुडपं तोडण्याचं काम हाती घेतलं गेलं. निसर्ग परत आला, असं या जागेबद्दल लिहिणं मला जमणार नाही. तिथं निसर्ग आला तो माणसानं अर्धवट सोडलेल्या जागेत, आणि त्याची किंमत रात्रपाळीहून घरी निघालेल्या माणसानं आणि अंगणाबाहेर गेलेल्या पोरानं दिली. कोणतं झाड लावायचं, किती दाट, वस्तीपासून किती अंतरावर, हे ढिगाऱ्यावर ठरवणं म्हणजे शेजारच्या माणसाचा जीव सांभाळणं आहे. दुर्गापूरच्या रस्त्यानं आम्ही अंधार पडायच्या आत परतलो. तिथली माणसंही तसंच करतात.

नाशिककडून कुणाला जायचं असेल तर सावनेरसाठी एक पूर्ण दिवस ठेवावा. खाण सुरक्षेच्या कारणानं कधीही बंद असू शकते, म्हणून वेकोलिकडे किंवा पर्यटन महामंडळाकडे आधी चौकशी करूनच निघावं. बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात. सोबत शाळकरी मुलं असतील तर उत्तम. त्याच फेरीत जवळचा आदासा गणपती होतो, आणि रामटेकला जाताना मनसरची मॅंगनीज खाण रस्त्यालगतच्या टेकड्यांत दिसते. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, त्यामुळे ढिगाऱ्याची खरी परीक्षा पाहायची तर मे महिन्यात जावं. तेव्हा कोणत्या झाडाला पानं टिकली आहेत आणि सावलीतल्या मातीत ओल उरली आहे का, ते बोटांना कळतं. भाच्यानं पुढच्या मे महिन्यात त्याच उतारावर न्यायचं कबूल केलं आहे, आणि मी जाताना आमच्या बागेतल्या मातीचा तपासणी अहवाल सोबत नेणार आहे. त्याच्याशेजारी ढिगाऱ्यावरच्या मातीचा अहवाल ठेवला की सेंद्रिय कर्बाचे दोन आकडे समोरासमोर येतील. पाच वर्षांनी तोच उतार पुन्हा तपासायचा, असंही आमचं ठरलं आहे.